जर्मनचा टोप

आमच्या घरात सगळी भांडी जर्मनची होती. जर्मन म्हणजे ॲल्युमिनियम, हे मला पुढे शाळेत विज्ञानाच्या बाईंनी सांगितलं. तोवर हा शब्द मी दोनच ठिकाणी ऐकला होता, आईच्या चुलीपाशी आणि हायवेवरच्या हॉटेलात. चुलीवर जर्मनच्या टोपात भात शिजायचा आणि हॉटेलात जर्मन मरायचे.

ते हॉटेल लोधिवलीच्या अलीकडे, मुंबई-पुणे रस्त्याला लागून होतं. घाट चढायच्या आधी गाड्या तिथे चहाला थांबायच्या. माझी आई हॉटेलाच्या मागच्या मोरीवर भांडी घासायची. पुढे, जिथे टेबलं होती, तिथे तिला काम नसायचं. का नसायचं ते कोणी बोलून दाखवत नव्हतं आणि आम्हीही विचारत नव्हतो. आम्ही बौद्धवाडीतले. छप्पन सालानंतर आजोबांनी घरातले देव नदीत सोडले, वाडीचं नाव बदललं, लग्नं लावायची पद्धत बदलली. मोरी मात्र हॉटेलाच्या मागेच राहिली.

मी सहावीत असताना शेठने मुंबईहून एक जुनं मशीन आणून पुढच्या पडवीत ठेवलं. कपाटाएवढं लाकडी खोकं, पुढे लोखंडी बंदूक पक्की बसवलेली, ती डावीउजवीकडे वळायची. आत काच होती आणि काचेत महायुद्ध. पडक्या भिंती, काटेरी तारा, चिखल, चिखलात खणलेला खंदक. आठ आण्याचं नाणं आत सोडलं की खंदकातून टोपवाले जर्मन शिपाई उठायचे आणि आपल्या अंगावर धावत यायचे. गोळी लागली की हात फेकून कोसळायचे. काचेच्या खालच्या भागावर कोणीतरी लाल पन्नी चिकटवली होती, त्यामुळे उभा होता तोवर काळापांढरा असलेला माणूस पडला की लालभडक व्हायचा. नेम चुकला तर तो जवळ येत येत काचभर मोठा व्हायचा, त्याचे दात दिसायचे, आणि मग तो संगीन खुपसायचा. तेव्हा हातातली बंदूक थाडथाड हलायची आणि बघणारी पोरं किंचाळायची.

मला ते फार आवडायचं. मुलींना असलं आवडू नये म्हणतात. मला आवडायचं, अजून टीव्हीवर मारामारी लागली की मी भाजी चिरायची थांबते.

पण खेळायला कोण देणार? मशीनची किल्ली शेठच्या मुलाकडे असायची. तो नववीत होता, केसांना पाणी लावून भांग पाडायचा, आणि नाणं न टाकता वाटेल तेवढं खेळायचा. “पोरीनं हात लावला का मशीन बिघडतं,” असं त्याने जाहीर करून टाकलं होतं. जसं काही ते मशीन त्याच्या कानात येऊन बोललं होतं. मी भटारखान्याच्या दारात सोड्याच्या उलट्या खोक्यावर बसून बघायची. तो एकेका शिपायाला पाडायचा आणि मी इकडे बसल्या जागी बोटाने नेम धरायची. माझा नेम त्याच्यापेक्षा चांगला होता हे वाडीतल्या सगळ्या चिंचांना माहीत होतं.

भातकापणी झाली आणि मशीनमधलं युद्ध शेतात उतरलं. खाचरं मोकळी होती, बांध होते, पेंढ्याच्या उडव्या होत्या, आणि त्याच वर्षी पाण्याच्या पाइपासाठी कोणीतरी लांबच लांब चर खणून तसाच टाकला होता. याहून चांगला खंदक कुठे मिळणार? संध्याकाळी गावातली आणि वाडीतली पोरं तिथे जमू लागली. पहिल्याच दिवशी प्रश्न आला, जर्मन कोण व्हायचं? व्हायला कोणीच तयार नव्हतं, कारण जर्मनांनी मरायचं हे ठरलेलं होतं.

शेठच्या मुलाने वाडीच्या पोरांकडे बोट केलं. “तुमच्या घरात समदी भांडी जर्मनची हायेत ना? मग तुमीच जर्मन.”

सगळे खो खो हसले. आमच्या वाडीची पोरंही हसली, त्यांना ती गंमतच वाटली. गावात स्टीलची भांडी आली होती, डब्यांवर नावं घातलेली. आमच्याकडे जर्मन, तेही हॉटेलातून टाकून दिलेलं, चेपलेलं, आईने राखेने घासून चकचकीत केलेलं. मला राग आला. पण जर्मनांकडे माणसं कमी पडत होती म्हणून मला खेळात घेतलं, त्यामुळे मी तो राग गिळला.

खेळ असा होता: आम्ही चरातून उठायचं, त्यांनी बांधाआडून ढेकळं मारायची, ढेकूळ लागलं की जर्मनाने ओरडून पडायचं आणि डाव संपेपर्यंत उठायचं नाही. आमच्यातला एक पोरगा फार सुरेख मरायचा. आमच्या शेजारच्या घरातला, माझ्याच वर्गातला. छातीवर हात, मग दोन गिरक्या, मग गुडघ्यावर, मग आडवा, आणि वर एक पाय झाडणं. त्याचं मरण बघायला समोरची पोरं ढेकळं मारायची थांबायची. मला मात्र मरताच येत नव्हतं. ढेकूळ खांद्यावर फुटायचं, मातीने तोंड भरायचं, आणि मी तशीच पुढे धावत जाऊन कोणाच्या तरी कानफटात द्यायची. “तू मेलीस की गं,” ते ओरडायचे. मी म्हणायची, “कुठं मेली? ही काय उभी हाय.”

मग मला टोप सुचला. आईने हॉटेलातून आणलेला एक लहान टोप होता, कड वाकडी झालेली. त्याला सुतळी बांधून मी तो डोक्यावर पालथा घातला आणि चरातून उठले. ढेकूळ आलं, ठण्णकन वाजलं, आणि मी उभीच. जर्मनच्या डोक्यावर जर्मनचा टोप, आता मारणार कुठे? दुसऱ्या दिवशी वाडीच्या सगळ्या पोरांच्या डोक्यावर टोप होते आणि घरोघरी आया भात कशात शिजवू म्हणून शिव्या घालत हिंडत होत्या.

आम्ही जिंकायला लागलो. त्यामुळेच खेळ बिघडला. ढेकळांनी टोपाला काही होत नाही म्हटल्यावर त्यांनी दगड उचलले. मग आम्हीही उचलले. एकाचा ओठ फाटला, एकाचा पुढचा दात तुटून खाचरात पडला आणि आम्ही सगळे युद्ध थांबवून तो शोधत बसलो. सापडला नाही, मग पुन्हा सुरू. घरी विचारलं की सगळे म्हणायचे, पडलो. त्या दिवसांत आमच्या दोन वस्त्यांतली पोरं फारच पडत होती.

एके संध्याकाळी मी बेचकीने शेठच्या मुलाच्या नडगीवर दगड मारला. मुद्दाम, नेम धरून. तो खाली बसला आणि रडला, आपल्या सगळ्या सैन्यासमोर, नाक गळेपर्यंत. मी त्याच्या बांधावर जाऊन उभी राहिले आणि टोप काढून वाजवला. मला फार बरं वाटलं. त्याबद्दल मला तेव्हा वाईट वाटलं नाही आणि आताही वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी तो शेठची छऱ्याची बंदूक घेऊन आला. हॉटेलात माकडं यायची, त्यांना हाकलायला शेठने ती ठेवली होती. मला ती दिसली नाही. मला एवढंच दिसलं की तो आज बांधावर पोटावर झोपलाय. मी चरातून डोकं वर काढलं. फट्ट असा अगदी लहान आवाज झाला. टोपाची कड बारीक वाजली, आणि माझ्या डाव्या डोळ्यात कोणीतरी पेटलेलं लाकूड घातलं.

मी हात फेकून मागे पडले. तोंडातून कसला आवाज निघाला ते मला ठाऊक नाही. समोरून जल्लोष झाला. एवढ्या दिवसांनी मी एकदाची नियमाप्रमाणे मेले, असं त्यांना वाटलं. पोरं नाचत होती, “मेली, मेली” ओरडत होती, आणि मी चराच्या तळाशी बोटांमधून येणारं गरम रक्त दुसऱ्या डोळ्याने बघत होते.

पुढचं तुकड्यातुकड्यांत आठवतं. आई धावत आली, कोपरापर्यंत राख. मग शेठची जीप. शेठने मला स्वतः उचलून जीपमध्ये ठेवलं, हे मी मान्य करते. जीप खोपोलीकडे पळत होती आणि शेठ पुढून पुन्हा पुन्हा मागे वळून आईला सांगत होते, “टोपाची कड लागली. काय घाबरू नको. जर्मनचा टोप लागला.” आईच्या मांडीवर तो टोप होता आणि त्याच्या कडेला रक्त होतं. ती काय दुसरं समजणार?

खोपोलीत शेठच्या ओळखीच्या एका डॉक्टरांनी विचारलं, “काय लागलं?”

“जर्मनचा टोप,” शेठ म्हणाले. “पोरं खेळत व्हती.”

आईने मान हलवली.

मी म्हटलं, “टोप नाय. गोळी लागली.”

डॉक्टर माझ्यावर वाकले. “गोळी? कोणी मारली गोळी?”

आणि मी खरं तेच सांगितलं. “तिकडच्या सैन्यानं. मी जर्मन व्हते.”

डॉक्टर हसले. वाईट माणूस नव्हता तो. आजारी पोराच्या बोलण्याला मोठी माणसं हसतात तसे हसले. शेठ लगेच म्हणाले, “आमच्या मशीनसमोर बसून असते दिवसभर. डोक्यात तेच भरलंय.” मी पुन्हा पुन्हा तेच सांगत राहिले, गोळी लागली, मी चरात होते, मी जर्मन होते, आणि दर वेळी ते अधिकच खुळ्यासारखं वाटत गेलं. मला स्वतःलाही. डॉक्टरांनी डोळा धुतला, औषध घातलं, पट्टी बांधली आणि आम्हाला घरी पाठवलं.

वडील खोपोलीला कारखान्यात होते. पाळी संपवून आले तेव्हा वाडीच्या तोंडावरच त्यांना कोणीतरी सांगितलं, पोरीच्या डोळ्याला जर्मनचा टोप लागला. त्यांनी घरात येऊन आधी टोप शोधला. दारातल्या दगडावर ठेवून पाट्याच्या वरवंट्याने तो असा ठेचला की त्याची पोळी झाली. मग उरलेल्या रागातली एक माझ्या पाठीत बसली. “पुन्यांदा जर्मन झालीस तर तंगडी मोडीन,” ते म्हणाले, आणि मग माझ्या उशाशी बसून रडले. छऱ्याने कड जिथे चेपली होती ती जागाही त्या ठेचण्यात गेली. आमच्या बाजूने बोलणारी तेवढी एकच वस्तू होती आणि ती माझ्या बापाने स्वतःच्या हाताने संपवली. त्यांना तरी काय कळणार? मुलीचा डोळा फोडणाऱ्याला त्यांनी शिक्षा केली होती.

डोळा सुजला, मग त्यातून पू यायला लागला, मग तापाने मी खरोखरच बरळू लागले. शेवटी वडिलांनी मला मुंबईच्या मोठ्या इस्पितळात नेलं. तिथे फोटो काढला आणि त्यात माझ्या डोळ्यामागे ज्वारीच्या दाण्याएवढा पांढरा ठिपका दिसला. तिथल्या डॉक्टरीणबाई मराठी होत्या. त्यांनी विचारलं, “हा छर्रा आत गेला तेव्हा कोणी काही बोललं नाही का?” आईने तिथेच, सगळ्यांसमोर, आपल्या तोंडात मारून घेतली. एकदा नाही, बाई तिचा हात धरेपर्यंत. “ती सांगत व्हती,” ती म्हणत राहिली, “पोर सांगत व्हती, मीच आयकलं नाय.”

दुसरा डोळा वाचवायला पहिला काढावा लागला.

परत आलो तेव्हा मला वाटलं, आता तरी गावात कळेल. पण गावात टोपच लागला होता. छर्रा कुठून आला म्हणाल तर रानात शिकारी फिरतात, शेठ सांगायचे. छऱ्याची बंदूक हॉटेलातून नाहीशी झाली होती. वडिलांनी वाडीतल्या पोरांना गोळा करून विचारलं. त्यांच्या बापांना शेठ हंगामात कामाला बोलवायचे, उसने तांदूळ द्यायचे. तो सुरेख मरणारा म्हणाला, “काका, आमी तर आधीच मेलेलो. आमी खाली पडलेलो. आमाला काय दिसलं नाय.” बाकीच्यांनीही माना हलवल्या. सगळं सैन्य मेलेलं होतं, एकटी मीच जिवंत होते आणि मी तर खुळी. मला तेव्हा डोळ्यापेक्षा त्याचाच त्रास जास्त झाला. डोळा गेला तो गेला, पण मला गोळी लागली हे कोणीतरी म्हणायला हवं होतं.

काही आठवड्यांनी शेठ आमच्या घरी आले, हातात पेढ्यांचा पुडा. ओट्यावर बसले आणि आपणहून म्हणाले, “चहा टाका की.” त्यांनी आमच्या घरचा चहा कधी घेतला नव्हता. आईने केला, त्यांनी तो बशीत ओतून सगळा प्यायला. मग माझ्याकडे बघून म्हणाले, “बाय, त्या मशीनवर आता तुझा हक्क. वाटेल तवा ये, वाटेल तेवढं खेळ. तुला नाणं लागणार नाय. पोरांच्या खेळात झालं ते झालं.”

ते गेल्यावर आईने कपबशी विसळली. मग मला म्हणाली, “तुला जायचं तर जा गं. पन तू खेळलीस का लोक म्हनतील, मिटलं.”

मला ते समजत होतं. पण मला ती बंदूक हवी होती. इतके महिने खोक्यावर बसून मी दुसरं काही मागितलं नव्हतं. आणि मला हेही हवं होतं की त्याने म्हणावं, मी मारलं. यातलं एक घेतलं की दुसरं हातचं जाणार होतं आणि मला दोन्ही हवं होतं. रविवारी मी गेले.

पडवी भरली होती. शेठने सांगितलंच असणार, कारण गावातले लोक चहा घेऊन उभे होते, वाडीतली पोरं खांबांना धरून होती, बाहेर एक ट्रक थांबला होता त्याचा ड्रायव्हरही बघायला आत आला. शेठच्या मुलाने किल्ली फिरवली आणि मान खाली घालून बाजूला झाला. मी बंदूक धरली. ती मला वाटली होती त्याहून जड आणि थंड होती.

पहिला शिपाई उठला. मी पाडला. दुसरा, तिसरा. मला वाटलं होतं एका डोळ्याने जमणार नाही, पण ते सगळे माझ्यासमोर लाल होऊन पडत गेले आणि माझ्या अंगात असा आनंद चढला की मी विसरले मी कुठे आहे. शेठचा मुलगाही विसरला. तो पुढे येऊन माझ्या खांद्याला खांदा लावून काचेत बघत होता, पहिल्यासारखा, आणि सांगत होता, “वर, वर, भिंतीवरचा बघ. आता तारेपाशी. भारी गं.”

मागून शेठ म्हणाले, “बघा. काय अडतंय का तिचं? नेम धराया एकच डोळा लागतो.”

पडवी हसली. चांगलं मोकळं, हलकं झालेलं हसू. सगळ्यांना एकदाचं सुटल्यासारखं वाटत होतं.

मी काचेवरची नजर काढली नाही. बंदूक फिरवत फिरवतच त्याला विचारलं, “तू माझ्यावर नेम धरलास तवा कंचा मिटला व्हतास रं?”

“डावा,” तो म्हणाला.

लगेच, काचेत बघत, जसं कोणी वेळ विचारावी आणि सांगावी. मग त्याला आपण काय बोललो ते कळलं. मी मान वळवून त्याचं तोंड बघितलं. पडवीतलं हसू एका बाजूने विझत गेलं आणि शेठच्या हातातली बशी खाली ठेवल्याचा आवाज तेवढा झाला. पुढच्याच क्षणी शेठने त्याच्या कानशिलात अशी दिली की तो मशीनवर आदळला. खोटं बोलल्याबद्दल नव्हे, खरं बोलल्याबद्दल.

मोरी सोडून भटारखान्याच्या दारातून बघत असलेली आई पुढे आली. टेबलांच्या मधून, राखेच्या हातांनी. “आयकलंत ना सगळ्यांनी?” तिने विचारलं.

गावातले लोक चहात बघत होते. शेठ हसायचा प्रयत्न करत म्हणाले, “अगं, पोरं काय वाटेल ते बडबडतात.” आई तिथेच उभी राहिली आणि तिने तेच पुन्हा विचारलं, एकेकाच्या तोंडाकडे बघून.

आमचा तो सुरेख मरणारा पोरगा खांबाला धरून उभा होता. त्याचा बाप त्याच्या मागेच उभा होता.

“मी आयकलं, काकी,” तो म्हणाला. “आनि त्या दिशी बघितलं बी व्हतं.”

त्याच्या बापाने त्याच्या मानेवर हात ठेवला. मला वाटलं, आता ओढून नेणार. पण त्याने तो हात तसाच ठेवला आणि पोराला पुढे केलं. मग आम्ही चौघं पडवी उतरलो आणि आईने रस्त्यावर उभं राहून खालापूरच्या पोलीस ठाण्याकडे जाणाऱ्या गाडीला हात केला.